कारवीचे बारसे

माझ्या लहानपणी आमच्या रोहा तालुक्यात कारवी ठाऊक नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. घराच्या भिंती कारवीच्या, परसाची वई कारवीची, पडवळाचा वेल चढायचा तो कारवीच्या मांडवावर, आणि चुलीत पेटवण म्हणून जायची तीही पुष्कळदा कारवीच. पावसाळ्यानंतर अवचितगडाच्या रानात शिरले की माणसाच्या डोक्यावरून जाणारी तिची दाट भिंत दोन्ही अंगांना उभी असे आणि तिच्यातून वाट काढताना खरखरीत पाने गालाला घासून जात. एवढा घरोबा असूनही कारवीचे फूल कसे असते, असे कोणी विचारले असते तर पुष्कळांना उत्तर देता आले नसते. ज्या झाडाने आपल्याला आडोसा दिला त्याचे फूल न पाहताच बालपण सरावे ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण कारवीच्या साऱ्या शास्त्रीय इतिहासाची किल्ली ह्या एका चमत्कारिक गोष्टीतच आहे. तिने युरोपातील मोठमोठ्या पंडितांना शंभर-दीडशे वर्षे चकवा दिला. तिचे बारसे पुन्हा पुन्हा झाले. त्यांतील एका बारशाला तर चक्क आपला मराठी शब्द पाळण्यात घातला गेला, आणि काही वर्षांनी तो पुन्हा बाहेर काढण्यात आला. त्याची ही हकीकत आहे.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. नंतरचे आयुष्य मुले शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात गेले. ह्या विषयाकडे मी वळलो तो वर्गातील एका मुलीमुळे. वाचनालयातील दोन पुस्तके घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली. एकात कारवीचे शास्त्रीय नाव ‘कार्विया कॅलोसा’ असे छापले होते, दुसऱ्यात ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’. “गुरुजी, ह्यांतलं खरं कुठलं?” असा तिचा साधा प्रश्न होता. दोन्ही पुस्तके जाणत्या माणसांनी लिहिलेली होती. तेव्हा प्रश्न चुकीच्या छपाईचा नव्हता, इतिहासाचा होता.

आधी नावांची रीत सांगितली पाहिजे. हजेरीपटावर आम्ही आडनाव आधी लिहितो आणि नाव मागाहून. लिनियस ह्या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींसाठी हीच रीत कायम केली. पहिला शब्द वंशाचा, दुसरा त्या वंशातील जातीचा. अनेक वंश मिळून एक कूळ होते. कारवी ज्या कुळातील आहे त्यातील सोयरे आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत : खोकल्यावरचा अडुळसा, देवाला वाहायची कोरांटी, वेणीतली अबोली, पाणथळीतला काटेरी तालीमखाना. ह्या साऱ्यांची पाने फांदीवर समोरासमोर येतात. फूल खाली नळीसारखे असते. आणि फळाच्या पोटात प्रत्येक बीखाली एक बारीक आकडा असतो. फळ फुटले की हा आकडा बीला दूर भिरकावतो. पावसाळ्यात मुले एका रानटी झाडाच्या वाळक्या शेंगा थुंकी लावून हातावर फोडतात, तीही ह्याच कुळातली. म्हणजे कूळ ओळखणे सोपे. कूळ ठरल्यावर वंश कोणता, येथे भांडण सुरू होते.

ह्या वंशाचे पहिले बारसे आपल्या देशात झालेच नाही. कार्ल लुडविग ब्लूम हा जर्मन वंशाचा डॉक्टर डच सरकारच्या नोकरीत जावा बेटावर होता. तेथील झाडांचे वर्णन करताना १८२६ साली त्याने ‘स्ट्रोबिलँथस’ हा नवा वंश स्थापन केला. ग्रीक भाषेत स्ट्रोबिलोस म्हणजे देवदार-सुरूसारख्या झाडांचे शंकूच्या आकाराचे बोंड, आणि अँथोस म्हणजे फूल. ज्याचा फुलोरा शंकूसारखा तो स्ट्रोबिलँथस. नाव सुरेख होते. पण ते जाव्यातील झाडे समोर ठेवून बेतलेले होते. आशिया खंडात ह्या झाडाचे शेकडो भाऊबंद पसरले आहेत, आणि प्रत्येकाचा फुलोरा काही शंकूसारखा नाही, ही अडचण मागाहून उद्भवायची होती.

त्याच सुमारास कलकत्त्याच्या कंपनी सरकारच्या बागेचा अधिकारी नॅथॅनिएल वॉलिक हा डेन्मार्कचा डॉक्टर हिंदुस्थानभरातून आलेली वाळवलेली झाडे पेटाऱ्यांत भरून १८२८ साली विलायतेस घेऊन गेला. एकट्याने एवढे काम उरकणे अशक्य. म्हणून त्याने युरोपातील निरनिराळ्या तज्ज्ञांना एकेक कूळ वाटून दिले. अडुळशाचे कूळ गेले जर्मनीतील नीस फॉन एसेनबेक ह्यांच्याकडे. वॉलिकच्या भव्य सचित्र ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात १८३२ साली नीसने हिंदुस्थानातील ह्या कुळाची मांडणी छापली. आपल्या कारवीला ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ हे नाव मिळाले ते त्या दिवशी. कॅलोसा म्हणजे घट्टे असलेली. कष्टकऱ्याच्या तळहातावर असतात तसे घट्टे! नीसला आमच्या कोकणातील माणूस ठाऊक नव्हता. तरीही नाव मोठे जुळून आले, असे मला नेहमी वाटते.

ह्या नीसने सह्याद्री कधी पाहिला नाही. त्याचे सारे ज्ञान कागदावर डकवलेल्या काटक्यांचे. पण माणूस सामान्य नव्हता. जर्मनीतील सर्वांत जुन्या विज्ञान-अकादमीचे अध्यक्षपद त्याने चाळीस वर्षे सांभाळले. १८४८ साली जर्मनीत राज्यक्रांतीचा वणवा पेटला तेव्हा सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा मजुरांच्या बाजूने उभा राहिला. सरकारने त्याची प्राध्यापकी काढून घेतली. वाळवलेल्या झाडांचा जन्मभराचा संग्रह त्याला विकावा लागला, आणि १८५८ साली दारिद्र्यात त्याचा अंत झाला. कारवीच्या पहिल्या पुरोहिताची ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

आता आपल्या मुंबई इलाख्याकडे येऊ. येथे ज्यांनी झाडांची मोजदाद केली त्यांच्यात पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ असलेले फार थोडे. जॉन ग्रॅहॅम हा मुंबईच्या टपालखात्याचा अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या झाडांची पहिली मोठी यादी त्याने केली. पण छपाई पुरी होण्याआधीच १८३९ साली खंडाळ्यास तो वारला, आणि जोसेफ निम्मो ह्या त्याच्या मित्राने यादी तडीस नेली. मद्रासकडील डॉ. रॉबर्ट वाइट ह्यांनी पुढे कारवीलाच एक निराळी जात समजून ग्रॅहॅमच्या स्मरणार्थ ‘स्ट्रोबिलँथस ग्रॅहॅमियाना’ असे नाव दिले. ते नाव टिकले नाही, कारण नीसचे नाव आधीचे होते आणि शास्त्रात आधी दिलेल्या नावाचा मान मोठा. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे दापोडीच्या सरकारी बागेचे आणि पुढे जंगलखात्याचे मुख्य. त्यांचे उत्तराधिकारी डॅलझेल. ह्या दोघांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. अखिल हिंदुस्थानच्या मोठ्या ग्रंथात हे कूळ लिहिले ते सी. बी. क्लार्क ह्यांनी; ते बंगालात शाळाखात्याचे इन्स्पेक्टर होते. आणि १९०१ ते १९०८ ह्या काळात आपल्या इलाख्याची वनस्पतिसूची ज्यांनी सिद्ध केली ते थिओडोर कूक मुळात रेल्वेचे इंजिनिअर; वसईच्या लोखंडी पुलाच्या कामावर होते, मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजाचे प्राचार्य झाले. टपालवाला, डॉक्टर, शाळा-इन्स्पेक्टर, इंजिनिअर! पोटाचा धंदा सांभाळून ह्या माणसांनी आमच्या डोंगरांची खानेसुमारी केली. त्यांच्या राज्याबद्दल मला प्रेम नाही. त्यांच्या चिकाटीबद्दल मात्र आदर वाटल्यावाचून राहत नाही.

ह्या चिकाट माणसांनाही कारवीने दमवले. कारण सांगतो.

झाड ओळखायचे ते फुलावरून, हा शास्त्राचा दंडक. पाकळ्या किती, पुंकेसर दोन की चार, फुलाच्या तळची पाने कशी, ह्यांवरून वंश आणि जात ठरते. कारवी मात्र वर्षानुवर्षे फुलतच नाही. डोंगरावरची सारी कारवी एकाच वयाची असते, एका वर्गात बसलेल्या मुलांसारखी. ती मुकाट्याने वाढत राहते आणि ठरलेले वर्ष आले की श्रावण-भाद्रपदात डोंगरच्या डोंगर जांभळा-निळा करून सोडते. मधमाश्यांची झुंबड उडते. कारवीचा दाट, गडद मध तेव्हाच मिळतो. मग फळे धरतात, झाडे वाळतात, आणि पुढच्या पावसाचे पहिले थेंब पडले की भिजलेली बोंडे फटफट फुटून बिया उडतात. त्या वेळी रानात उभे राहिले तर लाह्या भाजल्यासारखा आवाज ऐकू येतो. जुनी पिढी सारीच्या सारी मेलेली असते, वरून ऊन मोकळे पडते, आणि नवी पिढी एकदमच उगवते. म्हणूनच पुढचा फुलोराही एकदमच येतो.

हा फेरा किती वर्षांचा, ह्यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. कोणी सात म्हणतो, कोणी आठ. मला तर दोघेही बरोबर वाटतात. मधली रिकामी वर्षे मोजली तर सात, आणि फुलाचे वर्ष धरले तर आठ. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २००० साली फुलली, मग २००८, २०१६ आणि २०२४ साली. हिशेब सरळ आहे. पण प्रत्येक डोंगराचे पंचांग वेगळे. बोरिवलीचे वर्ष ते खंडाळ्याचे नव्हे, खंडाळ्याचे ते आमचे नव्हे. शिवाय दर मोठ्या फुलोऱ्याच्या आगेमागे चार चुकार झाडे फुलतात ती निराळीच. दक्षिणेतील निळी कुरिंजी, जिच्यासाठी लोक मुन्नारला धावतात, ती ह्याच वंशातील. तिचा फेरा बारा वर्षांचा. आमच्याच सह्याद्रीत ह्या वंशाच्या इतरही जाती आहेत. कासच्या पठारावर पालथ्या टोपल्यांसारखी दिसणारी टोपली कारवी त्यांपैकीच. तीही अशीच वर्षे मोजून फुलते.

आता त्या टपाल-अधिकाऱ्याची किंवा इंजिनिअरची स्थिती मनात आणा. दिवाळीच्या सुटीत तो डोंगरावर गेला. समोर मैलभर कारवी, आणि तिच्यावर एक फूल नाही. नुसत्या पानांच्या नमुन्यावर जात कशी ठरवावी? दैवयोगाने फुलाचे वर्ष गाठले तर नमुना मिळाला. पण तोच डोंगर पुन्हा फुलेल तेव्हा ह्याची बदली कोठे झालेली असेल कोणास ठाऊक. लंडन किंवा लायडनच्या संग्रहालयात जमलेल्या काटक्या अशा रीतीने वेगवेगळ्या डोंगरांवरच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या, कोणाचे फूल गळालेले, कोणाचे बोंड रिकामे. अशा तुटक्या साक्षीवरून एका वंशाची वंशावळ लिहायची होती.

आमच्या लोकांची अडचण कधीच ही नव्हती. ज्याला भिंत उभी करायची आहे तो फुलाची वाट पाहत नाही. एका ठाकूर म्हाताऱ्याला मी एकदा विचारले की, फूल नसताना ही कारवी आणि तिच्यासारखे दिसणारे ते दुसरे झुडूप, ह्यांत फरक कसा कळतो? तो हसला. “फूल कशाला बघता, मास्तर? काठी मोडून बघा, पान चोळून बघा. भिताडाला कुठली टिकंल ती काठीच सांगती.” त्याने मग मला सालीचा खरखरीतपणा, पेरांची गाठ, काठीचा सरळपणा, वाळल्यावरचा आवाज, असे एकेक लक्षण दाखवले. त्याचे वर्गीकरण भिंतीसाठी होते, वंशावळीसाठी नव्हे. पण ज्या सात वर्षांत पंडिताची विद्या हात टेकते, त्या सात वर्षांत ह्याची विद्या चालते, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली.

भिंतीचा उल्लेख आला तेव्हा कुडाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आजच्या मुलांना तोही शब्द परका झाला. लाकडाच्या मेढी रोवायच्या, मधल्या जागेत कारवीच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, बांबूच्या कामट्या आडव्या घालून त्या आवळून बांधायच्या, आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा करायचा. झाला कूड. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पावसाळ्यात पागोळ्यांनी खालची माती धुपली तर दसऱ्याच्या आधी पुन्हा लिंपायचे. कातकरी-ठाकरांच्या झोपडीपासून शेतकऱ्याच्या घरापर्यंत हीच भिंत होती.

असो. पुन्हा पंडितांकडे वळू.

१९४४ साली हॉलंड देश हिटलरच्या फौजांच्या टाचेखाली होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशाच्या पश्चिम भागात लोकांवर अन्नान्नदशेची पाळी आली. अशा त्या वर्षी उट्रेख्टचे प्राध्यापक ब्रेमेकाम्प ह्यांचा स्ट्रोबिलँथसवरील मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की, स्ट्रोबिलँथस हा एक वंश नव्हेच. ते एक गाठोडे आहे. ज्याला कोठे बसवावे ते कळेना त्याला पूर्वीच्या पंडितांनी ह्या गाठोड्यात कोंबले. ब्रेमेकाम्पनी गाठोडे सोडले. पुंकेसर, बिया, फुलोऱ्याची ठेवण, आणि विशेषतः सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे परागकण त्यांनी तपासले. ह्या वंशातील परागकणांत विलक्षण विविधता आहे. कोणाला उभ्या पट्ट्या, कोणाला जाळी, कोणाला काटे. ह्या खुणांच्या आधारे त्यांनी एका वंशाचे चोपन्नपर्यंत वंश केले. ह्या वाटणीत आमची कारवी आपले घर घेऊन वेगळी निघाली. तिच्या नव्या वंशासाठी ब्रेमेकाम्पनी ग्रीक शब्द शोधला नाही, कोणा गोऱ्या साहेबाचे स्मारकही केले नाही. तिच्या गावचे लोक तिला ज्या नावाने हाक मारतात तेच नाव त्यांनी लॅटिन रूपात घेतले : कार्विया. त्या वंशात जात एकच, कार्विया कॅलोसा.

हे वाचले तेव्हा मला काय वाटले ते प्रांजळपणे लिहितो. ऊर भरून आला. लिंपलेल्या भिंतीआडचा, बायाबापड्यांच्या तोंडचा हा शब्द युद्धाने पोळलेल्या एका देशातील विद्वानाने जगाच्या नामावळीत नेऊन बसवला! पूर्वीही असे थोडेफार घडले होते. सतराव्या शतकात मलबारच्या डच गव्हर्नराने, व्हान रीडने, तेथील वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ काढला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट ह्या तीन कोकणी वैद्यांची साक्ष आहे, आणि १६७५ सालचे त्यांचे पत्र नागरी लिपीत छापलेले आहे. त्या ग्रंथातील देशी नावे पुढे लिनियसपर्यंत पोचली. पण आपल्या रानातल्या झुडपाच्या मराठी नावाने एक अख्खा वंश ओळखला जावा, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडे ब्रेमेकाम्पचे नाव रुजले. मुंबईच्या झेवियर कॉलेजातील फादर सांतापाव ह्यांनी १९५१ साली मुंबई विद्यापीठातर्फे ह्या कुळावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. जन्माने स्पॅनिश, वृत्तीने खंडाळ्याच्या डोंगरांत रमलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले हे धर्मगुरू काही वर्षे भारतीय वनस्पति-सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते. वर्षानुवर्षे त्याच त्या डोंगरावर जाऊन झाडे पाहण्याची सोय पूर्वीच्या बदलीच्या साहेबांना नव्हती. ती ह्यांना लाभली, आणि तिचा त्यांनी उपयोग केला. आपल्या कित्येक वनस्पतिग्रंथांत ‘कार्विया’ पुढे अनेक वर्षे छापले जात राहिले. माझ्या विद्यार्थिनीच्या हातातील एक पुस्तक ह्याच परंपरेतले.

येथे आमच्या जिल्ह्याची एक आठवण नोंदवतो. नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख, ज्यांचे नाव रोह्यात आजही घरच्या माणसाचे म्हणून घेतले जाते, त्यांनी केंब्रिजला निसर्गविज्ञान घेतले होते आणि १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले होते. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. देशाला एक थोर अर्थतज्ज्ञ मिळाला ह्याचा अभिमान आहेच. पण कारवीच्या मुलखात वाढलेल्या त्या बुद्धिमान विद्यार्थ्याने कारवीच लिहायला घेतली असती तर, असा एक विचार मनात येऊन जातो.

आता उलटे वारे कसे वाहिले ते सांगतो. चोपन्न वंशांची ही वाटणी करून पाहणाऱ्यांना हळूहळू कळू लागले की वाटणीच्या सीमा पक्क्या नाहीत. परागकण पाहिले तर एक झाड ह्या घरात बसते, बी पाहिले तर दुसऱ्या घरात, फुलोरा पाहिला तर तिसऱ्या घरात. मार्क कॅरिन आणि रॉबर्ट स्कॉटलंड ह्या संशोधकांनी दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील जातींपासून सुरुवात करून साऱ्या खुणा एकत्र तपासल्या. २००२ साली त्यांनी जो लेख छापला त्याच्या मथळ्यातच, ज्याचे वर्गीकरण होत नाही त्याचेच वर्गीकरण आपण करू पाहतो आहोत काय, अशा अर्थाचा प्रश्न होता. २००४ साली झाडांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, साक्ष काढली गेली. तिनेही सांगितले की हे सारे एकाच मोठ्या घरचे. मधल्या बऱ्याचशा भिंती कल्पनेच्या आहेत. तेव्हा चोपन्न खोल्यांच्या ह्या चाळीच्या भिंती पाडून पुन्हा एकच वाडा करावा, हे मत मान्य होत गेले. भारतीय वनस्पति-सर्वेक्षण खात्याने २००६ साली दक्षिण भारतातील ह्या वंशावर पी. वेणू ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही स्ट्रोबिलँथस ह्याच नावाने. साडेतीनशेहून अधिक जातींच्या त्या वाड्यात कारवी परत आली, नीसने १८३२ साली दिलेले नाव घेऊन. ‘कार्विया’ आता समानार्थी नावांच्या यादीत, बारीक टाइपात आहे.

माझ्या विद्यार्थिनीला मी उत्तर दिले ते असे : “बाई, आज मानायचे ते स्ट्रोबिलँथस. कार्विया हे खोटे नव्हे. एका प्रामाणिक माणसाने जवळच्या पुराव्यावर दिलेला तो निकाल होता. वरच्या कोर्टात तो फिरला.” ती म्हणाली, “मग कारवीचं नाव गेलं म्हणायचं का?” ह्या प्रश्नाला मात्र कोर्टाच्या भाषेत उत्तर देता येईना.

नाव गेले, ह्याचे मलाही वाईट वाटले. पण विचार करता ते वाईट वाटणे फार काळ टिकले नाही. आपल्या शब्दाचा मान राहावा म्हणून शास्त्राने खोटी भिंत उभी ठेवावी, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. एका घरच्या भावंडांना केवळ आपल्या समाधानासाठी वेगळे काढणे हे ज्ञान नव्हे. पुरावा बदलला तर नाव बदलायचे, मग ते कितीही लाडके असो, ह्या शिस्तीतच शास्त्राचे मोठेपण आहे. ब्रेमेकाम्प शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत जगले आणि १९८४ साली वारले. त्यांनी केलेले बारकाईचे परागनिरीक्षण आजही कामाला येते. त्यांची वाटणी मोडली, पाहणी मोडली नाही.

खरे नुकसान आहे ते दुसरीकडे, आणि त्याचा दोष कोणा परक्या पंडिताला देता येत नाही. ‘कार्विया’ लॅटिन यादीतून उतरले त्याच सुमारास ‘कारवी’ आमच्या मुलांच्या तोंडून उतरू लागली. धाटावला कारखाने आले, रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू झाली, चार पैसे हातात आले, आणि कुडाच्या जागी चिऱ्याच्या, विटांच्या भिंती आल्या. ह्याबद्दल मी हळहळत नाही. दर वर्षी भिंत लिंपताना ज्या आईची कंबर मोडली तिने सिमेंटचे स्वागतच केले, आणि ते रास्त होते. गरिबीला संस्कृती म्हणून मिरवणे मला पसंत नाही. पण भिंतीबरोबर काठी गेली, काठीबरोबर ती मोडून पाहणारा हात गेला, आणि हाताबरोबर फुलाशिवाय झाड ओळखण्याची विद्या चालली आहे. त्या ठाकूर म्हाताऱ्याचे ज्ञान कोणत्याही संग्रहालयात कागदावर डकवलेले नाही.

शास्त्राला ह्या ज्ञानाची गरज संपलेली नाही. कारवी एकदम का फुलते, ह्याविषयी एक मत असे की, एकाच वेळी इतके बी पडते की खाणारे किडे-पाखरे खाऊन थकतात आणि उरलेले बी जगते. पण कोणता डोंगर कोणत्या साली फुलला, शेजारचा त्याच साली की पुढच्या, दोन फुलोऱ्यांमध्ये वणवा लागला होता काय, ह्या गोष्टी डीएनए सांगत नाही. त्या सांगतो तो डोंगराखाली राहणारा माणूस. “धाकटीचं लगीन झालं त्या साली आमचा डोंगूर फुलला होता,” असे एखादी आजी सहज बोलून जाते, तेव्हा ती एक शास्त्रीय नोंदच देत असते. फक्त ती लिहून घेणारा कोणी नसतो.

म्हणून आमच्या शाळेत आम्ही एक वही घातली आहे. मुले आपापल्या गावचा डोंगर, त्यावर कारवी आहे की नाही, घरच्या वडीलधाऱ्यांना आठवणारी फुलोऱ्याची वर्षे, आणि काठीवरून तिला कसे ओळखतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणतात. वर्षांचा मेळ लग्नांशी, पुरांशी, निवडणुकांशी घालून आम्ही तो तपासतो. काही पाने भरली आहेत, पुष्कळ कोरी आहेत. कोऱ्या पानांची मला चिंता वाटते, कारण ज्यांनी ती भरायची ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि कारवीचा फेरा आठ वर्षांचा आहे. त्यांच्यापैकी कित्येकांना पुढचा फुलोरा दिसेलच असे नाही.

वंशाचे नाव कोणते असावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा पुरावा बलवत्तर त्याचा. तो त्याच्याकडेच राहो. पण साक्ष देण्याचे काम आपले आहे, आणि ते आपल्यावाचून दुसऱ्या कोणाला जमणारे नाही. वाचकांपैकी ज्यांची गावे सह्याद्रीच्या कुशीत आहेत त्यांनी ह्या दिवाळीत घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ घटकाभर बसावे आणि एवढेच विचारावे : आपला डोंगर शेवटचा कधी फुलला? उत्तर मिळाले तर ते सालासकट लिहून ठेवावे.